फॉर्मॅटच्या आधी

मशिन सुरू होत नसेल तर सरळ फॉर्मॅट मारायचं, हे माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. धाराशिव असो की उमरगा, दुरुस्तीच्या दुकानांत रिवाजच तो. गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत मशिन हवं असतं आणि फॉर्मॅटचा दर ठरलेला असतो. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स असेल तर मी आणखीच ठाम असे: दोन्ही पुसा, एकच ठेवा. आता मी तसं सांगत नाही.

मत बदललं ते डीटीपीवाल्यांच्या मशिनींमुळे. आपल्याकडे लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, विकास सोसायट्यांचे अहवाल अजूनही पेजमेकर आणि श्रीलिपीत होतात, म्हणून विंडोज सुटत नाही. बाकीची कामं लिनक्सवर, कारण जुन्या मशिनला ते झेपतं. मग कधीतरी डी ड्राइव्ह भरतो. मालक शेजारचा ई उडवून ती जागा डीमध्ये मिसळतो, आणि मशिन पुन्हा चालू केलं की काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू'. विंडोज नाही, लिनक्सही नाही. बघणाऱ्याला वाटतं, सगळं गेलं.

त्याच्या कामाचं काहीच गेलेलं नसतं. जुन्या एमबीआर डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या तक्त्याला 64 बाइट मिळतात. त्यात चारच नोंदी मावतात, म्हणून लॉजिकल पार्टिशनं 5 पासून मोजतात. सहावं उडवलं की सातव्यातलं लिनक्स सहावं होतं, आणि ग्रब, म्हणजे मशिन चालू होताच सिस्टिम निवडून देणारा बूटलोडर, मात्र सातवंच शोधत बसतो. गट नंबर बदलला म्हणून शेत जागचं हलत नाही, तसंच हे. रेस्क्यूच्या ओळीवर 'एलएस' दिलं की पार्टिशनं दिसतात. एकेकात डोकावून बूटचा फोल्डर सापडला की 'रूट' आणि 'प्रीफिक्स' तिकडे वळवायचे, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल'. मेनू उभा राहतो. लिनक्स सहसा आपलं पार्टिशन नंबरावरून नाही, तर यूयूआयडी या न बदलणाऱ्या ओळखीवरून ओळखतं, त्यामुळे ते निमूट सुरू होतं. आत जाऊन ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवलं की काम पक्कं. 2021 मध्ये आलेल्या 2.06 आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या सिस्टिमचा शोध आपणहून घेत नाही. ओएस-प्रोबर सुरू करून द्यावा लागतो, नाहीतर विंडोज मेनूत दिसत नाही आणि गिऱ्हाईक पुन्हा घाबरतं.

लिनक्सचंच पार्टिशन उडालं असेल तरी लाइव्ह पेनड्राइव्हवरून टेस्टडिस्क चालवून ते पुष्कळदा परत मिळतं. मात्र त्या जागेवर नवं काही लिहिलेलं नसावं, आणि फॉर्मॅट करून विंडोज टाकणं म्हणजे नेमकं तिथंच लिहिणं. डीटीपीवाल्याचं नुकसान फायलींपुरतंही नसतं. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला मजकूर त्याच फाँटशिवाय वाचता येत नाही. फायली वाचल्या आणि फाँट बसवलेली विंडोज पुसली गेली, तर गावच्या कित्येक वर्षांच्या पत्रिका आणि अहवाल निरर्थक खुणा होऊन बसतात. अशा मशिनला दोन तास जास्त द्यायला मला आता जड जात नाही, त्याचे पैसे गिऱ्हाइकाने दिले नाहीत तरी.

एका बाबतीत मात्र मी पूर्वीइतकाच कडक आहे. जीपार्टेडने पार्टिशन सरकवताना वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी अडकतो, आणि तो सोडवणं फार अवघड असतं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बॅकअप आणि यूपीएस नसेल तर ते काम मी हातात घेत नाही, लग्नसराई कितीही जोरात असली तरी.