अर्ज म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे

आपल्या घरांत अकीका असो की लग्नाची दावत, निमंत्रणाचा मजकूर चारचौघे बसून ठरवतात. पण आमदारांना पत्र लिहायचे म्हटले की सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. "आपले मराठी कच्चे", "आपले ऐकतो कोण", "एखाद्या कार्यकर्त्याच्या कानावर घालू" ही वाक्ये आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक नेहमीच ऐकतो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचा पट ९८ होता आणि शिक्षक उरले होते दोन. पाचवीला भागाकार शिकवावा तर तिसरीची मुले नुसती बसून राहत. काही पालक दाखले मागू लागले. पट घटला की संच मान्यतेत पदेही घटतात. म्हणजे उशीर झाला असता तर मागायलाही काही उरले नसते.

पत्र शाळा व्यवस्थापन समितीने लिहावे असे ठरले. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आमच्या समितीतल्या मातांनी घरी दखनी बोलत बोलत मराठीत कच्चा मसुदा केला. दोन पाने झाली. त्यात "मेहरबानी" तीनदा होती, "गरिबांवर दया करा" होते, आमदार साहेबांची तारीफ होती आणि शिक्षकांची गोष्ट शेवटच्या चार ओळींत.

आम्ही त्यांच्यासमोर शिक्षण हक्क कायदा, २००९ ठेवला. पहिली ते पाचवीत ९१ ते १२० मुले असतील तर चार शिक्षक हवेत. रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. हे वाचून एक खाला म्हणाल्या, "मग मेहरबानी कशाला? हे तर आपल्या मुलांचे आहेच!" आणि त्यांनीच पेन घेऊन तो शब्द तिन्ही ठिकाणी खोडला.

उरलेले पत्र एका पानात बसले. वर तारीख आणि "प्रति, मा. आमदार महोदय". खाली विषय एकाच ओळीत: उर्दू शाळेतील दोन रिक्त शिक्षक पदे भरण्याबाबत. पहिल्या परिच्छेदात पट, मंजूर पदे, कार्यरत शिक्षक. दुसऱ्यात मुलांचे काय नुकसान होते ते. तिसऱ्यात नेमकी मागणी: शिक्षण विभागाकडे पाठपुरावा करावा, तोवर तात्पुरता शिक्षक मिळावा. शेवटी "आपले विश्वासू", सह्या, पत्ता, फोन. सोबत समितीच्या ठरावाची प्रत. माहितीसाठी एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

पत्राच्या दोन प्रती नेल्या. एक कार्यालयात दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. ही पोच नसेल तर पत्र दिले हे सांगायला पुरावा राहत नाही. महिनाभराने त्याच पोचेचा संदर्भ देऊन स्मरणपत्र दिले. अधिवेशनाच्या आधी दिलेल्या पत्राचा आणखी एक फायदा असतो. आमदार तो विषय सभागृहात प्रश्न म्हणून मांडू शकतात.

पत्र कोणाला लिहायचे हेही पाहावे. गटार, नळ, कचरा यासाठी नगरसेवक किंवा ग्रामपंचायत सदस्य. राज्य सरकारचे खाते असेल तर आमदार. रेल्वे, टपाल, पासपोर्ट यासाठी खासदार. चुकीच्या दारी दिलेले पत्र फिरत राहते.

दुसऱ्या स्मरणपत्रानंतर एक शिक्षिका तात्पुरत्या नेमणुकीवर आल्या. चौथे पद अजून रिकामे आहे आणि समितीचे पुढचे पत्र तयार आहे. या वेळी मसुदा मातांनी आम्हाला न विचारता लिहिला.

आपल्या घरातली आठवी-नववीतली मुलगी शाळेत अर्जलेखन शिकते, त्याचे गुणही मिळवते. मोहल्ल्यातल्या बंद दिव्याचे पहिले पत्र तिच्याकडूनच लिहून घ्या. सही मात्र आपण करा आणि पोच जपून ठेवा.