दांड्याविना फाळ

नांगराला फाळ असतो, तसा भाल्यालाही. एक जमिनीत शिरतो, दुसरा माणसाच्या छातीत. आपल्या भाषेने मात्र दोघांचे नाव एकच ठेवले आहे.

परवा याची आठवण झाली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याला पुरातन शस्त्रांचे वेड. युरोपातल्या एका लिलावाची सूची त्याने माझ्यापुढे धरली. पानभर एकच चित्र, गंजून काळवंडलेल्या हॅलबर्डचे. खाली लांबी, वजन, लोहाराचा ठसा आणि किंमत. जणू पत्रिकाच मांडली होती!

"आणि दांडा?" मी विचारले.

"लाकूडच ते, सर. किडते, मोडते. मूळचा दांडा क्वचितच हाती लागतो. लोक लोखंडच बघतात."

मला त्या दांड्याची हुरहूर लागली. कारण खरी करामत त्याचीच होती. चौदाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या डोंगरी शेतकऱ्यांच्या हाती हे हत्यार आले. लांब दांड्यावर कुऱ्हाडीचे पाते, वर अणकुचीदार टोक, मागे आकडी. टोकाने भोसकावे, पात्याने तोडावे, आकडीने घोड्यावरच्या चिलखती सरदाराला खाली ओढावे. शत्रूच्या तलवारीने दांडा तुटू नये म्हणून फाळाखाली लोखंडी पट्ट्या ठोकीत. ज्याच्यापाशी घोडा नाही, चिलखत नाही, त्याचा हात या दांड्याने सरदारापर्यंत पोचवला. १३१५ साली मोरगार्टनला आणि १३८६ साली सेंपाखला हाब्सबुर्गांच्या फौजा स्विसांपुढे हरल्या. सेंपाखला तर खुद्द ड्यूक लिओपोल्ड धारातीर्थी पडला.

संग्राहकांवर माझा राग नाही. त्यांनी जपले नसते, तर पुष्कळसे लोखंड भंगारात गेले असते. पण जपण्याची आणखी एक रीत आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १६४२ ते १६४५ या काळात बांधलेले शस्त्रागार आहे. १७४९ साली सम्राज्ञी मारिया थेरेसा ते मोडीत काढायला निघाली, तेव्हा स्टायरिया प्रांताच्या प्रतिनिधींनी विनवले: पूर्वजांच्या शौर्याची खूण म्हणून एवढे राहू द्या. तिने ते मानले. सुमारे ३२ हजार वस्तू आज त्याच इमारतीत आहेत. आणि त्यांत लांब दांड्यांची हत्यारे दांड्यांसकट रांगेने उभी आहेत.

तिथे कुणी लोखंडाची किंमत विचारीत नाही. बघणारा दांड्याची उंची बघतो, आणि तो पेलणारा गडी केवढा असेल, याचा मनाशी अंदाज बांधू लागतो.