खुशालीचें पत्र

आमच्या आजीला लिहितां-वाचतां येत नसे. पण टपालाचें शास्त्र तिच्याइतकें घरांत कोणालाच कळत नव्हतें. थोरले काका नोकरीसाठीं मुंबईस राहत, आणि दर बुधवारीं त्यांचें कार्ड पुण्यास आलेंच पाहिजे, असा तिचा दंडक होता. कार्डांत मजकूर तो काय असायचा! सर्व क्षेम, काळजी नसावी. पोस्टमन कार्ड देऊन गेला कीं आजी तें वाचूनही घेत नसे. देवघरांतल्या फळीवर ठेवून ती आपली कामाला लागे. पण एखाद्या बुधवारीं कार्ड चुकलें, तर गुरुवारीं सकाळच्या गाडीनें कोणाला तरी मुंबईस पिटाळल्यावांचून तिला चैन पडत नसे. "वाईट असतें तर त्यानें कळविलें नसतें का?" असें वडील म्हणत. "आणि कळविण्यासारखी स्थितीच नसली तर?" असें ती विचारी.

तिच्या या प्रश्नाचें मर्म मला फार उशिरां कळलें. वास्तविक तें माझ्या धंद्यांतलेंच होतें. दुसऱ्यांचे संगणक सांभाळणें हा माझा उद्योग. पासवर्ड विसरलेल्यांस नवा पासवर्ड द्यावा, अडलेला ईमेल कोठें अडला तें शोधावें, आणि कागदपत्रांची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, रोज रात्रीं निघते कीं नाहीं तें पाहावें. लग्नांतल्या आचाऱ्यासारखें हें काम आहे. कांहीं बिघडल्यावांचून त्याची आठवण कोणास होत नाहीं.

घरींही मीं तीच व्यवस्था लावली होती. ऐंशी उलटल्यावर वडिलांनीं आपल्या आठवणी सांगावयास घेतल्या. रविवारीं सकाळचा चहा झाला कीं ते सांगत आणि मी टंकीत असें. कपाटावर ठेवलेलें दुसरें एक लहानसें यंत्र रात्रीं दोन वाजतां त्या मजकुराची प्रत आपल्या डिस्कवर ओढून घेई. आणि घेतां आली नाहीं, तरच मला ईमेलनें कळवी. या 'तरच'नेंच माझा घात केला.

वडील भाद्रपदांत गेले. दिवाळीनंतर एके दिवशीं माझ्या संगणकाची डिस्क टक्‌टक् वाजूं लागली आणि संध्याकाळपर्यंत कायमची मुकी झाली. मला त्याचें फारसें दुःख झालें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. उलट, धाकट्या बहिणीपुढें आपली दूरदृष्टि मिरवावयास बरी संधि आली, असेंच वाटलें. मोठ्या ऐटींत मीं कपाटावरची प्रत उघडली. तिच्यांतला शेवटचा रविवार ज्येष्ठांतला होता. पुढचे अकरा रविवार नव्हते.

भाचीच्या लग्नाच्या चित्रफिती मींच 'तात्पुरत्या' म्हणून त्या डिस्कवर नेऊन ओतल्या होत्या. जागा संपली आणि प्रत निघेनाशी झाली. बिचाऱ्या यंत्रानें कर्तव्यांत कसूर केली नाहीं. तें रोज रात्रीं मला कळवीत होतें. परंतु अलीकडे मोठ्या टपालसेवा अधिकृत सहीवांचून आलेला ईमेल तोतया समजून दारांतूनच परत लावतात, आणि माझ्या यंत्रास तशी सही करावयास मीं शिकविलेंच नव्हतें. परत आलेलीं पत्रें त्यानें आपल्याच पोटांतल्या टपालपेटींत निमूटपणें ठेवून दिलीं होतीं. तीं दीडशेंच्या वर निघालीं. प्रत्येकांत एकच ओळ: डिस्कवर जागा शिल्लक नाहीं.

याहून मोठ्यांचीही अशीच फजिती झालेली आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं गिटलॅब या कंपनींतल्या एका अभियंत्यानें भलत्याच सर्व्हरवरची सुमारें ३०० जीबी माहिती पुसून टाकली. बॅकअप पाहूं गेले, तर रोजच्या प्रती निघतच नव्हत्या. आणि तसें कळविणारे ईमेल सहीअभावींच नाकारले गेले होते! सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें काढलेली एक प्रत होती, म्हणून निभावलें. कंपनीनें हें सारें स्वतःच जाहीर केलें, हा तिचा मोठेपणा.

गंमत अशी कीं, ईमेलच्या नियमांतच याचें बीज आहे. जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं लिहिलेल्या नियमावलींत, पत्र पोहोंचलें नाहीं तर पाठविणाऱ्यास सूचना द्यावी, असें सांगितलें आहे. पण ती सूचनाच पोहोंचली नाहीं, तर तिच्याविषयीं पुन्हां सूचना धाडूं नये, असेंही आहे. नाहीं तर दोन सर्व्हर एकमेकांस जन्मभर पत्रें लिहीत बसतील! नियम शहाणपणाचा खरा. आजीचा प्रश्न मात्र त्यानें सुटत नाहीं.

आतां यंत्र रोज सकाळीं 'प्रत निघाली' एवढेंच कळवितें, आणि ज्या सकाळीं कळवीत नाहीं, त्या सकाळीं मी दुसऱ्या कामास हात लावीत नाहीं. महिन्यांतून एकदां प्रतींतलें कोणतें तरी पान उघडून वाचतों. एक डिस्क बहिणीकडे नागपुरास ठेवली आहे.

ती घेऊन जातांना तिनें विचारलें, "त्या अकरा रविवारीं बाबा काय सांगत होते रे?" मीं म्हटलें, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. पाणी ओसरल्यावर, आपण सुखरूप आहोंत हें काकांना सांगावयास आजीनें त्यांना मुंबईस पाठविलें होतें. निघतांना तिनें भाकरी बांधून दिली, एवढें मला आठवतें. पुढें ते कसे गेले, किती वेळ लागला, आणि दार उघडल्यावर काकांनीं पहिला शब्द काय काढला, तें सारें त्यांनीं सांगितलें होतें. मीं तें माझ्या याच बोटांनीं टंकलें होतें. आठवत मात्र नाहीं.