पाणी भरेपर्यंत

मुंबईची मंडळी शनिवारी अलिबागेस उतरतात आणि किनाऱ्यावर घोडागाडीची एक फेरी, तळलेल्या सुरमईवर यथेच्छ ताव व ओहोटी असलीच तर कुलाबा किल्ल्यात पायी हजेरी, एवढे उरकून रविवारी सायंकाळी मांडव्याचा धक्का गाठतात. त्यांना दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा, कारण मीही पुष्कळ वर्षे हेच केले.

मग एकदा खांदेरी बेटाची वाट धरली. थळच्या कोळीवाड्यातून तिकडे जाणारी होडी घड्याळावर सुटत नाही. मी सकाळी आठाच्या ठोक्याला वाळूत हजर, तर तांडेल जाळ्याची गाठ दातांत धरून म्हणाला, "दादा, पानी भरू दे." पाणी भरायला दोन तास लागले. १६७९ साली शिवछत्रपतींनी या बेटावर तट बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला, आणि पुढल्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तीवर तोफा चढविल्या. आज या दोन हाडवैरी बेटांच्या मधल्या पाण्यात कोळ्यांची जाळी निर्वेधपणे पसरलेली असतात. खांदेरीवरील एक शिळा खड्याने ठोकली असता काशाच्या भांड्यासारखी निनादते. आम्ही होडीतल्या तिघांनी आळीपाळीने ती ठोकून पाहिली, तेव्हा वेताळाच्या दर्शनास निघालेली एक वृद्ध कोळीण आमच्या पोरकटपणाला हसून पुढे गेली.

चौल-नागावच्या सुपारीच्या वाड्यांतील गारवा मी मुद्दाम गाळतो. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर खांदेरीहूनही कोर्लई विलक्षण. रेवदंड्याची खाडी ओलांडली की समुद्रात घुसलेल्या डोंगरीवर पोर्तुगीज फिरंग्यांचा किल्ला आणि पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती दिसते. १७४० साली तेथे मराठ्यांचा अंमल बसला, फिरंग्यांचे दप्तर आणि जकात गुंडाळली गेली. परंतु त्यांची भाषा मागे राहिली, मराठीच्या सहवासात मुरली, आणि गावकरी तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणू लागले. एका अंगणात मासळी साफ करीत बसलेली आजी नातवाला त्याच भाषेत दटावीत होती, मला पाहताच तिने स्वच्छ मराठीत विचारले, "उन्हातून आलात, पाणी देऊ काय?"

खांदेरीस जाणार असाल तर आदल्या संध्याकाळीच थळला जाऊन भरतीची वेळ विचारून ठेवा. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. होडी मिळणार नाही.