बाहुलीला हसवू नका

भाजी निवडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही माझ्या आजीला बाहुली करायला लागत नसे. मिरजेच्या घरी फडताळाच्या खालच्या कप्प्यात जुन्या लुगड्यांचं बोचकं असायचं. त्यातलं जरा बरं असेल ते गोधडीला, विरलेलं पायपुसण्याला आणि ज्याचं काहीच होण्यासारखं नाही ते बाहुलीला. एका चिंधीचा घट्ट बोळा करायचा, तो दुसऱ्या चिंधीच्या मधोमध ठेवून खाली दोरा आवळायचा, हातांसाठी एक सुरळी आडवी घालून चार टाके मारायचे आणि काठाची पट्टी लुगडं म्हणून गुंडाळायची. डोळे काजळाचे, तोंड कुंकवाचं. संध्याकाळपर्यंत दोन्ही फिसकटायचं. मग बाहुली आजारी आहे असं आम्ही ठरवायचो, तिच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवायचो आणि त्या घडीने उरलासुरला चेहराही धुऊन निघायचा. दुसऱ्या दिवशी आजी नवे डोळे काढून द्यायची. कालची बाहुली आणि आजची बाहुली एकच, याबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही.

घरात एक लाकडी ठकीही होती, आईच्या लहानपणची. रंगवलेले टपोरे डोळे, हात अंगालाच चिकटलेले. मे महिन्यात बाहुला-बाहुलीचं लग्न लागायचं तेव्हा ती वरमाय म्हणून मिरवायची, कारण ताठ उभं राहणं तिलाच जमायचं. पण ठकीला कधी ताप आलेला मला आठवत नाही. पुढे मामांनी मुंबईहून डोळ्यांची उघडझाप करणारी, पिवळ्या केसांची प्लॅस्टिकची बाहुली आणली. ती तर आईने खोक्यातून बाहेरच काढू दिली नाही. खोक्यासकट शोकेसमध्ये उभी राहून ती पाहुण्यांकडे बघत असे. त्या काळी बऱ्याच घरांतल्या महागड्या बाहुल्यांच्या नशिबी हेच असायचं.

आजी गेली, बोचकं बोहारणीकडे गेलं आणि बाहुल्याही सुटल्या. त्या पुन्हा भेटल्या एकदम जर्मनीत. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही श्टुटगार्टला राहायला गेलो. पुण्यातल्या वाहनउद्योगातल्या मंडळींचं त्या गावाला जाणंयेणं असतंच. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, याचा घर शोधताना मात्र आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही. लेकीला घराजवळच्या बालवाडीत घातलं, ती निघाली वॉल्डॉर्फ पद्धतीची. या पद्धतीचं माहेरच ते. तिथल्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे प्रमुख एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचं मनावर घेतलं, ती उभी करायचं काम रुडॉल्फ श्टायनर यांच्यावर सोपवलं आणि सप्टेंबर १९१९ मध्ये शाळा सुरू झाली. नाझी राजवटीत १९३८ साली तिला टाळं लागलं, युद्ध संपल्यावर ती पुन्हा उघडली. आज जगभरचे आईबाप ज्या वॉल्डॉर्फ बाहुलीकडे निरागसपणाचा पुतळा म्हणून बघतात, तिला नाव मिळालं ते असं सिगारेटच्या कारखान्यावरून. हे मला फार आवडतं.

या शाळांमध्ये नाताळच्या आधी बाजार भरतो आणि त्यासाठी आया संध्याकाळी जमून शिवणटिपण करत बसतात. मी गेले ती जर्मन सुधारावं म्हणून. जर्मन फारसं सुधारलं नाही.

तिथे बाहुली करायला शिकले. सुरुवात डोक्यापासून होते. पिंजलेल्या लोकरीची पट्टी गुंडाळत गुंडाळत गोळा करायचा, अंगठ्याने दाबला तरी दबू नये इतका घट्ट. त्यावर लोकरीचे लांब पट्टे एकमेकांवर फुलीसारखे टाकायचे, सगळं सुती जाळीच्या नळीत कोंबायचं आणि मानेशी दोरा आवळायचा. इथपर्यंत ते आजीचंच काम होतं. पुढचं मला नवीन. जाड दुहेरी दोरा गोळ्याच्या बरोबर मध्यावरून फिरवायचा आणि जीव खाऊन ओढायचा. बोटांना वळ उठतात. गोळ्याला आडवी खाच पडते, ती डोळ्यांची रेघ. दुसरा दोरा टाळूवरून हनुवटीखाली उभा घ्यायचा आणि जिथे दोन दोरे एकमेकांना छेदतात, त्या कानांच्या जागी टाके घालून ते पक्के करायचे. मग डोक्याच्या मागच्या बाजूचा आडवा दोरा क्रोशाच्या सुईने हळूहळू मानेपर्यंत खाली सरकवायचा. तो सरकला की हातातला चेंडू चेंडू राहत नाही. कपाळ पुढे येतं, गाल फुगतात, मागे लहान मुलाचं असतं तसं गोल डोकं दिसायला लागतं. ते पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या तोंडून ‘अगंबाई!’ निघून गेलं आणि टेबलाभोवतीच्या एकाही बाईला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

वरून अंगाच्या रंगाचं होजिअरीचं कापड ताणून बसवतात. त्याची वीण उभी धरावी लागते, आडवी धरली की चेहरा फाकतो. शिवण मागे जाते, केसांखाली झाकली जाते. हातापायांत लोकर ठासून भरायची, कारण सैल भरलेली बाहुली महिन्याभरात मान टाकते. 40 सेंटिमीटरच्या बाहुलीला पाव किलोहून जास्त लोकर सहज लागते, यावर आधी माझा विश्वास बसला नव्हता.

चेहऱ्याला मात्र कुणी लगेच सुई लावू देईना. आधी रंगीत डोक्याच्या टाचण्या टोचून बघायच्या. डोळे त्या आडव्या खाचेवर. ते जरा वर नेले की मुलाची मोठी बाई होते. दोन डोळे आणि तोंड मिळून त्रिकोण व्हायला हवा. तोंड म्हणजे छोटीशी सरळ रेघ, भुवया नाहीत, पापण्या नाहीत. मी आपली रेघेची टोकं वर वळवायला गेले तर शेजारच्या वयस्कर शिक्षिकेने माझा हात धरला. म्हणाली, बाहुली सारखी हसत राहिली तर मूल रडायला कुणाजवळ जाईल?

आजीच्या फिसकटलेल्या बाहुल्यांना ताप का येत असे आणि ठकीला का येत नसे, हे मला त्या संध्याकाळी उमगलं. चेहऱ्यावर जेवढं कमी, तेवढं मुलाला जास्त करता येतं. जेवायच्या वेळी ती भुकेली असते, मार खाल्ल्यावर रुसलेली असते, अंधारात घाबरलेली असते. बाहुली करणाऱ्याचं काम अलीकडेच संपतं आणि ते संपवणं जड जातं, कारण हाताला सजवायची सवय असते. पण खरं सुख तिथेच आहे. घरातल्या बाकी कामांत आपण टोकापर्यंत जातो आणि तरी कुणी ना कुणी चूक काढतं. इथे अर्ध्यावर सोडलं की काम बरोबर झालं.

श्टायनर यांनीही हे लिहून ठेवलं आहे. मुलांच्या शिक्षणावरच्या १९०७ सालच्या निबंधात ते सांगतात की जुना हातरुमाल घ्या, दोन टोकांचे पाय करा, दोन टोकांचे हात, एका गाठीचं डोकं, शाईच्या ठिपक्यांचे डोळे-नाक-तोंड. दुकानातल्या सुबक बाहुलीपेक्षा ही बरी, कारण उरलेलं माणूस मुलाला कल्पनेने भरून काढावं लागतं. म्हणजे आमच्या मिरजेच्याच बाहुल्या. गंमत अशी की आज वॉल्डॉर्फ बाहुलीला मोहेर लोकरीचे केस लागतात, निवडक कापड लागतं, आणि तयार घ्यायला गेलं तर किंमत ऐकून घाम फुटतो. हातरुमालाची पार पैठणी झाली. श्टायनर यांचं बाकीचं तत्त्वज्ञान मी फारसं अंगाला लावून घेतलं नाही. ते आधी थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे सरचिटणीस होते, पुढे कृष्णमूर्तींवरून ॲनी बेझंटबाईंशी बिनसलं. पुनर्जन्म, सूक्ष्म देह हे सगळं त्यांच्याकडे आहेच. ते ऐकायला मला जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. बाहुली शिकायला होती.

त्या देशात कापडी बाहुलीचा आणखी एक किस्सा सांगतात, तो वॉल्डॉर्फचा नाही. केटे क्रूझे नावाच्या नटीच्या मुलीने १९०५ साली बाहुली मागितली. नवरा शिल्पकार. त्याला बर्लिनच्या दुकानातल्या बाहुल्या पसंत पडेनात, त्याने कळवलं की तूच कर. बाईंनी टॉवेलमध्ये वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला. त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. बटाट्याचं पुढे काय झालं असेल याची मात्र मला अजून उत्सुकता आहे.

आणि बार्बी? बालवाडीतल्या आयांसमोर तिचं नाव काढायची सोय नव्हती. अमेरिकेची देणगी म्हणून त्या नाकं मुरडायच्या. पण १९५९ साली बार्बी आली ती लिली नावाच्या जर्मन बाहुलीवरून, आणि ती लिली एका जर्मन वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातून निघालेली. हे मी एकदा बोलून दाखवलं तर टेबलावर थोडा वेळ फक्त कात्र्यांचा आवाज. माझ्या लेकीनेही बार्बी मागितलीच. घेतली. तिचे कपडे काढण्या-घालण्यात चार दिवस गेले, मग ती खेळण्यांच्या टोपलीत तळाला गेली. बार्बीने तिचं काही नुकसान केलं असं मला वाटत नाही, फक्त तिला काही करायला ठेवलं नाही.

खरी अडचण रंगाची होती. त्या वेळी तिथल्या सामानात अंगाच्या कापडाचे जे तागे मिळायचे ते गुलाबीकडे झुकणारे. आमच्या लेकीचा रंग त्यात कुठेच नव्हता. मी पांढरं होजिअरी कापड आणलं, चिमूटभर तुरटी टाकून चहाची पूड उकळली आणि त्यात बुडवलं. कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून घ्यावं लागतं, नाहीतर डाग पडतात. वाळल्यावर रंग उतरतो, म्हणून पातेल्यात हवा त्यापेक्षा दोन छटा गडद दिसला पाहिजे. दांडीवर वाळत घातलेल्या कापडाला लेकीने स्वतःचा हात लावून बघितला आणि म्हणाली, ‘आई, हे मी आहे.’ त्या बाहुलीचे केस काळ्या लोकरीचे केले, दोन वेण्या घातल्या.

पुण्याला परत आल्यावर मी शिकवायला लागले तेव्हा हाच प्रश्न उलटा समोर आला. सावळ्या पोरीचा हात धरून बसलेली आई विचारते, ‘ताई, जरा उजळ नाही का करता येणार?’ चहाचं पातेलं बघून आज्या तर हसतात. मी वाद घालत नाही. मुलीला सांगते, तुला हवं ते कापड निवड, आणि रंगवलेले तुकडे तिच्यासमोर पसरते. लहान मुली बहुतेक वेळा स्वतःचा रंग उचलतात. साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे मात्र हात गोऱ्या कापडाकडे जायला लागतो. हे मधल्या काळात त्यांना कोण शिकवतं, ते त्यांच्या शेजारी बसलेल्या आम्हा बायकांना चांगलं माहीत आहे.

लोकरीचंही इथे वेगळं आहे. पुण्याच्या पावसाळ्यात कसर लागते, कडुनिंबाचा पाला सुकवून ठेवावा लागतो. सावरीचा किंवा साधा कापूस भरून बघितला, पण कापसाचे गोळे होतात. लोकर दाबली तरी फुलून येते आणि कुशीत घेतली की ऊब धरते. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळपट, घोंगडीच्या कामाची. हल्ली तिला भाव नाही, कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून ती टाकून देतात. ती मी रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पिंजून डोक्याच्या आतल्या गोळ्याला वापरते. बाहेरच्या थराला चालत नाही, केस कापडातून टोचत बाहेर येतात. पण आतला गोळा इतका टणक बसतो की परदेशी लोकरीचा तसा होत नाही. धुतल्यावरही मेंढीचा वास थोडा राहतोच. मुलांना तो आवडतो, आयांना नाही.

माझ्या वर्गाला एकदा एक बाप आला, मुलासाठी बाहुली करायची म्हणून. सोबत आजोबाही होते, मांडीवर पिशवी घेऊन. ‘मुलगा आणि बाहुली?’ असं त्यांनी मला नाही, खिडकीला विचारलं. बापाने मान वर केली नाही. दोरा ओढायला त्याच्या हातात जोर होता, त्यामुळे डोळ्यांची खाच सगळ्यांत छान त्याचीच पडली. दुपारी मुलाने ती अर्धवट बाहुली, नुसतं डोकं आणि धड, हात-पाय नाहीत अशी, आजोबांच्या मांडीवर ठेवली आणि ‘झोपव’ म्हणाला. आजोबांनी पिशवी खाली ठेवली. पुढचा तासभर ते हलले नाहीत.

लेकीची ती चहाच्या रंगाची बाहुली अजून आहे. तिच्या चेहऱ्याचं कापड विटलं म्हणून मी ते बदललं, डोळ्यांचे टाके पुन्हा घातले, एका हाताची लोकर नव्याने भरली. लेक आता स्वतः नोकरी करते, लांब राहते. बाहुली तिने माझ्याकडे ठेवलेली नाही, नेली आहे.

तुम्हाला करून बघायची असेल तर महागड्या सामानासाठी अडून बसू नका. जुना सुती बनियन धुऊन चहात रंगवा, फाटका स्वेटर उसवून आत भरा. चेहरा सगळ्यांत शेवटी आणि दिवसाउजेडी करा. आधी टाचण्या लावा, रात्रभर तशाच राहू द्या, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघा. तोंडाची टोकं वर वळवायचा मोह होईल, वळवू नका. पैसे खर्च करायचेच असतील तर दोऱ्यावर करा, दुकानात मिळेल तो सगळ्यांत चिवट घ्या. मुलं बाहुलीला मानेलाच धरून ओढत नेतात.