दुसऱ्याच्या हातांसाठी

तोलार खिंडीच्या वरचा रेलिंगचा कातळटप्पा मी कितीदा उतरले असेन, मोजलेलं नाही. एका जुलैत हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला येताना तिथेच पाय सटकला आणि उजवं मनगट कातळावर आदळलं. पाऊस कोसळत होता, धुकं दाटलं होतं, दिवस कलला होता. गटाची लीडर मीच. औषधांचा डबा माझ्याच सॅकमध्ये होता. पार तळाशी, ओल्या मॅटखाली, एकात एक घातलेल्या तीन पिशव्यांत, प्रत्येकीला गाठ. काकडलेल्या बोटांनी मुलं त्या गाठी सोडवत बसली. डबा उघडला तर आत गोळ्यांचे तुकडे. पट्ट्या कात्रीनं कापताना नावं गेली होती, तारखाही गेल्या होत्या. दुखण्यावरची गोळी कोणती आणि जुलाबावरची कोणती, हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तर धड बोलताही येत नव्हतं.

सामानात काहीच कमी नव्हतं. पण ते भरताना मी एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता, मी स्वतः. अपघात माझाच होईल, हे मनात आलं नव्हतं.

तेव्हापासून पाऊच भरताना मी स्वतःला विचारते, हे अंधारात, ओल्या हातांनी, घाबरलेल्या माणसाला सापडेल का? पाऊच भडक केशरी, सॅकच्या वरच्या कप्प्यात, चेन असलेला. गाठ कुठेच नाही. गोळ्यांच्या पट्ट्या अखंड, आणि प्रत्येकीवर मार्करनं मराठीत लिहिलेलं: ताप, जुलाब, दुखणं. क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, गॉज, चिकटपट्टी, सेफ्टी पिना एकत्र, कारण त्या एकदमच लागतात. हेडटॉर्च वेगळ्या खिशात, सेल उलटा घालून, म्हणजे दाबला जाऊन तो सॅकमध्येच जळत राहत नाही. शिट्टी मात्र आत नाही. ती खांद्याच्या पट्ट्याला. मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. धुक्यात घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

मी घेते ते ओआरएसचं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते अख्खं ओतलं तर द्रावण फार तीव्र होतं, थकलेल्या शरीराला बाधतं. म्हणून माझी एक बाटली बरोबर 1 लिटरची.

पूर्वी पाऊचमध्ये ब्लेड आणि आवळायला दोरी असायची, सर्पदंशासाठी. दोन्ही काढून टाकली. फुरसं, घोणस, मण्यार किंवा नाग, कुणाचाही दंश असो, चिरणं आणि करकचून बांधणं घातकच. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्यायचं. त्यासाठी लागतात त्या बांबूच्या दोन कामट्या नि ओढण्या.

पावसाळ्यात सह्याद्रीत माणूस गारठतो तो ओल्या कपड्यांनी आणि वाऱ्यानं. त्यामुळे एक कोरडा शर्ट आणि कानटोपी प्लास्टिकमध्ये, कितीही मोह झाला तरी मुक्कामाआधी न उघडण्यासाठी. सोबत चंदेरी पातळ चादर. मुठीत मावते, वजन जेमतेम 60 ग्रॅम, आणि अंगाची ऊब धरून ठेवते. एप्रिल-मेमध्ये हिशेब बदलतो. गडावरची टाकी आटतात, म्हणून कोरड्या शर्टाची जागा पाणी घेतं.

जास्त भरण्याचाही मोह होतो. प्रत्येक भीतीसाठी एक वस्तू घ्यायची म्हटली तर सॅकच माणसाला घसाऱ्यावर ढकलेल. ज्या वस्तूचं काम मला गटाला दोन वाक्यांत सांगता येत नाही, ती मी आता घरी ठेवते.

आणि सांगण्यासाठी ठरलेली वेळ आहे. पायथ्याच्या गावात चहा झाला की पाऊच सगळ्यांसमोर उघडायचा, एकेक वस्तू हातोहात फिरवायची, पुन्हा भरायचा. मग मी सॅक पाठीवर असतानाच खाली बसते, उजवा हात छातीशी धरते आणि गटातल्या सर्वांत लहान मुलीला म्हणते, "मला लागलंय. काय करशील?"

परवा खिरेश्वरात एकीनं डोळे मिटून माझ्या सॅकचा वरचा कप्पा चाचपला. चेन वाजली. त्रिकोणी पट्टी बाहेर आली, गळ्यामागे गाठ बसली, हात झोळीत विसावला. "फार घट्ट नाही ना, ताई?" तिनं विचारलं. मी बोटं हलवून दाखवली, आणि आम्ही खिंडीची वाट धरली.