राणीच्या बागेतील ओवळ



प्रमाणभाषा आणि बोली यांच्या व्याख्या, त्यांची लक्षणे आणि त्यासंबंधीची मतमतांतरे आपण अन्य घटकांतून वाचलीच असतील. भाषाविज्ञानाची अध्यापिका म्हणून मीही ती अनेक वर्षे शिकवीत आले आहे. परंतु या प्रश्नाची खरी ओळख मला भायखळ्याच्या राणीच्या बागेत, एका झाडाखाली झाली; आणि तीही माझ्या हातून एक चूक घडून गेल्यानंतर. ती हकिकत आज आपणांस सांगावी असे वाटते.

माझे गाव कुणकेश्वर. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, समुद्राच्या अगदी काठावर शंकराचे जुने देवस्थान आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते. लोक त्याला कोकणची काशी म्हणतात. किनाऱ्यावरच्या खडकांत शिवलिंगे आहेत. भरती आली की ती पाण्याखाली जातात, ओहोटीला पुन्हा उघडी होतात. गावाच्या नावाविषयी असे सांगितले जाते की, येथे पूर्वी कणक नावाच्या बांबूची दाट राई होती आणि त्या राईतला देव म्हणून तो कुणकेश्वर. अशा समजुतीला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो आणि ती पारखून घ्यावी लागते. ‘कणक’चा ‘कुणक’ कसा झाला, हे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी दाखविता आले पाहिजे. तरीही एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. ज्यांनी ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना देवाने आपले नाव एका झाडाकडून घ्यावे यात काहीही उणे वाटले नाही.

त्या काळच्या बहुतेक कोकणी घरांप्रमाणे आमचेही घर दोन ठिकाणी विभागलेले होते. वडील लालबागच्या एका गिरणीत, आणि आई व आम्ही भावंडे गावी. १९८१ च्या मे महिन्यात आई आम्हांला घेऊन प्रथमच मुंबईला आली. एका रविवारी वडिलांनी सर्वांना राणीच्या बागेत नेले. मुंबईत गेलेल्या मुलाने राणीची बाग पाहिली नाही, तर गावी परतल्यावर सांगायचे काय, असा तो काळ होता. वडिलांना आम्हांला वाघ, सिंह आणि हत्ती दाखवायचे होते. आम्हांलाही तेच पाहायचे होते. आई मात्र पिंजऱ्यांपाशी फारशी थांबेना. ती मान वर करून झाडे पाहत चालली होती.

ती बाग मुळात झाडांचीच आहे, हे मला पुष्कळ पुढे समजले. पश्चिम भारतातील कृषी व उद्यानविद्येच्या एका संस्थेने ती उभारली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. प्राणिसंग्रहालय नंतर आले. व्हिक्टोरिया राणीचे नाव असलेल्या या उद्यानाला लोकांनी ‘राणीची बाग’ म्हटले. पुढे ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे तिचे अधिकृत नामकरण झाले. पण बसमध्ये वाहकाला सांगताना आजही तोंडी येते ते राणीच्या बागेचेच नाव. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ब्रह्मदेश अशा दूरदूरच्या प्रदेशांतील वृक्ष येथे शतकाहून अधिक काळ आपल्या मातीत उभे आहेत.

आईला यातले काही ठाऊक नव्हते. एका उंच झाडाशी ती थबकली. त्या झाडाची फुले फांद्यांच्या टोकांना नव्हती. थेट बुंध्यातून फुटलेल्या लोंबत्या देठांवर ती लगडली होती आणि त्यांच्या बाजूला तोफेच्या गोळ्यांसारखी तपकिरी फळे लटकत होती. आईने खाली पडलेले एक फूल उचलले, गुलाबी पाकळ्या बोटांनी अलगद बाजूला केल्या आणि मला जवळ बोलावले. मधोमध पिंडीसारखा लहानसा उंचवटा आणि त्यावर नागफणीसारखे झुकलेले केसर. ती म्हणाली, “गो बाय, बघ, हो तर आमचो कुणकेश्वर!” आणि पायांतल्या चपला काढून तिने तेथेच हात जोडले.

त्या झाडाला मराठीत कैलासपती म्हणतात. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत. तेथे शंकराचे नाव कोणी ऐकलेलेही नव्हते. फुलाकडे पाहून आपल्याकडच्या कोणीतरी त्याला देवाचे नाव दिले आणि परदेशी झाड घरचे झाले. गोरखचिंचेचेही तसेच. तिचे जाडजूड खोड आफ्रिकेतले. आपल्या लोकांनी तिच्या फळातील आंबट गराला चिंच म्हटले आणि तिचे नाते गोरखनाथांशी जोडून दिले. गावी झाडाने देवाला नाव दिले होते, येथे देवाने झाडाला. आईने त्या दिवशी जे केले ते याच परंपरेतले होते. तिला नाव माहीत नव्हते. ते तिने आपल्या अनुभवातून घडविले, आणि ते रूढ नावाच्या किती जवळ पोहोचले होते!

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. लांबत चाललेल्या संपाने लालबाग-परळच्या असंख्य घरांप्रमाणे आमचेही घर विस्कटले. वडील कायमचे गावी परतले. मी मात्र शिकत राहिले आणि १९९३ साली एम. ए. साठी मुंबईत होते. एका नातलगाच्या लग्नासाठी आई मुंबईला आली. ‘राणीची बाग पुन्हा बघूया’ असे तिनेच सुचविले. माझ्या दोन वर्गमैत्रिणीही बरोबर आल्या. दोघींचे मराठी अगदी पुस्तकी शुद्ध होते. आपल्या बोलण्यातला हेल कोणाला ओळखू येऊ नये म्हणून मी त्या वर्षी फार जपत असे.

बागेतल्या एका वाटेवर बारीक, चांदणीसारख्या फुलांचा सडा पडला होता. आईने ओंजळभर फुले गोळा केली आणि आनंदाने म्हणाली, “गो, हयसर ओवळ आसा बघ!”

मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिले. कदाचित त्यांना तो शब्द केवळ नवा वाटला असेल. परंतु मला ते पाहणे टोचले. एरवी आईशी मी मालवणीतच बोलत असे. त्या क्षणी मात्र मी प्रमाण मराठीत, पाठ सांगावा तसे म्हटले, “आई, ओवळ नाही म्हणत. ही बकुळ. शास्त्रीय नाव मिम्युसॉप्स एलेंगी.” खोडावरच्या पाटीवरून मी ते नाव नुकतेच वाचले होते.

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आसात गो. तू शिकलंस, तुका म्हायत.” तिच्या स्वरात राग नव्हता. फुले तिने पदराच्या टोकात बांधली. मात्र त्यानंतर बागेतून बाहेर पडेपर्यंत तिने एकाही झाडाचे नाव उच्चारले नाही. पुढे कोणतेही झाड आले की ती माझ्याकडे पाही, मी पाटी वाचून दाखवी आणि ती मान डोलावी. मला वाटले, आई शिकते आहे. प्रत्यक्षात काय घडत होते, हे समजायला मला काही वर्षे लागली.

पुढे मी भाषाविज्ञानात संशोधन सुरू केले. बोलीतील शब्दसंग्रहासाठी माहितगार व्यक्ती हवी असते. माझ्या घरी तर शेकडो झाडापानांची नावे जाणणारी व्यक्ती होती. कोणत्या झाडाचा पाला गुरे खातात, कोणत्या लाकडाचे जोत टिकते, कोणत्या बियांचे तेल दिव्याला चालते, हे सारे त्या नावांसह तिच्या स्मरणात होते. मी वही घेऊन तिच्यापुढे बसले आणि एक सुकलेली डहाळी दाखवून विचारले, “आये, याला आपण काय म्हणतो?” ती हसून म्हणाली, “ता तुमच्या पुस्तकात आसतला मां?” काही शब्द तिने सांगितले, पण प्रत्येक शब्दानंतर “चुकीचा असात, तू बघून घे” असे ती जोडत राहिली. पुस्तकांच्या भाषेत सांगायचे तर माझ्या माहितगार व्यक्तीचा आपल्या भाषेवरचा विश्वास डळमळला होता. आणि तो डळमळविणारी मीच होते.

त्याच काळात वाचनालयात वनस्पतींच्या नामकरणाचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट कळली. सतराव्या शतकात मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तेथील वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या नावाचे त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. ग्रंथाची भाषा लॅटिन. पण त्यातील ज्ञान इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी भाषक वैद्यांचे होते. या तिघांनी नागरी लिपीत लिहून दिलेले १६७५ चे कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. प्रत्येक झाड या ग्रंथात स्थानिक नावानिशी नोंदविले गेले. पुढे १७५३ मध्ये लिनीयस याने वनस्पतींना द्विपदी शास्त्रीय नावे दिली, तेव्हा त्यातील कित्येक स्थानिक नावे त्याने जशीच्या तशी उचलली.

‘एलेंगी’ हे त्यांतलेच एक. केरळात बकुळीला म्हणतात ती ‘इलञ्ञी’. तिचे ते लॅटिन वेषातले रूप. ‘मिम्युसॉप्स’चा ग्रीक अर्थ ‘माकडासारखे दिसणारे’ असा काहीसा होतो. म्हणजे जे नाव पुढे करून मी आईचा शब्द खोडला, त्याचा अर्धा भाग केरळातल्या घरोघरीचा शब्द होता! फरक इतकाच की त्यांना कोणीतरी विचारले, त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवला आणि ते लिहून घेतले. बोली आणि शास्त्र यांच्यामध्ये जी भिंत आपण मानतो ती किती वेळा केवळ एका नोंदीएवढी असते!

मी गावी जाऊन हे सर्व आईला सांगितले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “ता मल्याळी नाव झाला. मगे आमचा खंय गेला?”

मित्रहो, पदवी मिळविताना परीक्षकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतील एकाचेही उत्तर देताना मी इतकी निरुत्तर झाले नव्हते. मी वही उघडली आणि तिच्यासमोर पहिल्या ओळीत ‘ओवळ’ असे लिहिले. लिहिलेले अक्षर तिने बोट ठेवून वाचले. त्या दिवसानंतर ती पुन्हा शब्द सांगू लागली. चुलीपाशी, अंगणात, आंब्याची आढी लावताना, मध्येच हाक मारून ती एखादे नाव सांगे. तरी काही शब्द आलेच नाहीत. बारा वर्षांपूर्वी ती गेली आणि ते तिच्याबरोबर गेले. माझ्या वहीत आजही काही झाडांच्या पुढची जागा रिकामी आहे.

गेल्या वर्षी मी राणीच्या बागेत पुन्हा जाऊन आले. लोकांची रांग आता पेंग्विन पाहण्यासाठी लागते. कैलासपतीच्या फुलांचा गंध तोच होता. बकुळीखाली एक बाई नातवाला फुले वेचून देत होती आणि मुलगा विचारत होता, “आजी, याला काय म्हणतात?” तिने जे नाव सांगितले ते मला नीट ऐकू आले नाही. ते मराठवाड्यातले असेल, खानदेशातले असेल किंवा दूर उत्तरेकडचेही असेल. मी पुढे होऊन तिला पाटी वाचून दाखविली नाही.

आपल्यापैकी अनेकजण दिवसभराचे काम उरकून, घरातील सर्व निजल्यावर ही पुस्तिका उघडत असतील. प्रमाण मराठी आपण अवश्य आत्मसात करावी. परीक्षेसाठी, नोकरीसाठी आणि दूरच्या वाचकाशी बोलण्यासाठी ती हवीच. मीही हे लेखन तिच्यातच करीत आहे. मात्र ती शिकताना घरातील कोणाचा शब्द आपल्या हातून खोडला जाऊ नये, एवढी दक्षता घ्यावी. आपल्या गावी किंवा जवळच्या शहरात एखादी बाग असेलच. सुटीच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्या माणसाला तेथे घेऊन जा. वहीत तीन रकाने आखा: शास्त्रीय नाव, प्रमाण मराठी नाव आणि घरचे नाव. पहिले दोन रकाने पाट्यांवरून आणि पुस्तकांतून केव्हाही भरता येतील. तिसरा मात्र आधी भरा.